ताब्यातला केरू

बायजाला एका जागी बसणे कधी जमलेच नाही. चुलीवर दूध ठेवले की तिला गोठ्यातले पारडू आठवायचे, पारडाजवळ गेली की दूध आठवायचे, आणि तोवर ते उतू गेलेले असायचे. सासू भागूबाई म्हणायची, हिच्या आईने हिला पायाला भिंगरी बांधूनच जन्माला घातली. बायजा हसायची आणि हसता हसता दुसऱ्या कामाला लागायची. पोलादपूरच्या वर, गाडीरस्ता संपल्यावर जी पायवाट लागते तीसुद्धा कंटाळून जिथे दगडांत नाहीशी होते, तिथे त्यांचा धनगरवाडा होता. पाण्याला खाली उतरा, मिठाला खाली उतरा, तूप विकायला तर थेट महाडपर्यंत चाला. अशा जागी भिंगरीवालीच बाई टिकते, पण हे कबूल करील तर ती सासू कसली!

बायजाचा नवरा केरू तिच्या अगदी उलट. म्हशींमागे गेला की दिवसभर एका धोंड्यावर बसून राहील. घरच्या म्हशी थोड्या, बाकी जनावरे लोकांची. खालच्या गावांतले शेतकरी आपली भाकड म्हैस, थकलेला बैल दिवाळीनंतर वर धाडत आणि पेरणीच्या तोंडावर घेऊन जात. याला राखोळी म्हणत. तिला कागद नाही, साक्षीदार नाही. मालकाने जनावराचे दावे धनगराच्या हातात दिले की जनावर धनगराच्या जिवावर. पाय मोडो, वाघ नेवो, जबाब धनगराने द्यायचा. दावे पुन्हा मालकाच्या हातात गेले की ओझे उतरले. मग ते जनावर वाटेत पडून मेले तरी धनगराला कोणी बोलायचे नाही.

एका वर्षी रावजी नावाच्या शेतकऱ्याचा बैल घळीत पडून लंगडा झाला. रावजी वर आला, त्याने बैल बघितला, आणि दोन्ही हात काखेत घालून उभा राहिला. "दाव्याला हात लावायचा नाय मी," तो म्हणाला. "उभा दिला, उभा करून द्या." बायजाने त्या बैलाच्या पायाला कामट्या बांधल्या, पाला वाटून लावला, शेक दिला, आणि सबंध उन्हाळा त्याच्या मागे काढून तो उभा करून दिला. या काळात तिने रावजीला पोटभर शिव्या घातल्या. पण रावजीचे चुकले, असे ती एकदाही म्हणाली नाही.

तर अशी ही बायजा. आणि एकोणीसशे पस्तीस सालच्या शिमग्याआधी तिच्या केरूलाच सरकारने उचलून नेले.

झाले असे की राखीव रानात वणवा लागला आणि सरकारी लागवडीचा कोळसा झाला. आग कोणी लावली ते कोणालाच ठाऊक नव्हते, पण कोणीतरी लावली असलीच पाहिजे, असे वरच्या साहेबांचे म्हणणे पडले. केरू नेमका त्या अंगाला जनावरे घेऊन बसला होता. पळून जायचे त्याला सुचलेच नाही. शिपाई आले तेव्हाही तो आपल्या धोंड्यावरच होता, आणि त्यांनी विचारले तर त्याने "आग बगितली" असे खरे ते सांगितले. तेवढे पुरे झाले. त्याला खाली आंबखिंडीच्या ठाण्यात नेऊन कोठडीत घातले.

बायजा दुसऱ्याच दिवशी खाली उतरली. भाकरी घेऊन गेली, ते ठीकच. पण कोठडीच्या गजाशी जाऊन ती म्हणाली, "उजेडात या जरा. जीभ दाखवा. हात वर करा." मग तिने नवऱ्याच्या फासळ्या चाचपल्या, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, अंगाचा वास घेतला. राखोळीतले जनावर बघायला आलेला मालक करतो तसे सगळे केले. पहाऱ्यावरचा हवालदार कोंडाजी डोंगराकडचाच माणूस होता. तो हसून लोटपोट झाला.

"नवरा बगतेस का रेडा गो?"

"तुमच्याकडं ठेवलाय तो कसा हाय त्ये बगते," बायजा म्हणाली. "चांगला हाय. आसाच ऱ्हायला पायजे."

कोंडाजी हसायचा थांबला नाही, पण त्याला ते बोलणे कुठेतरी टोचले असावे, कारण त्या दिवशी त्याने केरूला पांघरायला एक घोंगडे दिले.

मग बायजाच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. वर जनावरांचे बघायचे, खाली केरूचे. वर असली की तिचा जीव ठाण्यात, ठाण्यात असली की जीव गोठ्यात. झोपडीच्या दारातून ती दहादा आत-बाहेर करायची. भागूबाई म्हणाली, "बस गो क्षणभर, माजा जीव घाबरा व्हतो तुला बगून." पण आता भागूबाईलाही हसू येत नव्हते. तिचा तो धाकटा मुलगा होता.

आणि मग एका खेपेला बायजाला केरूचा पाय दिसला.

ठाण्यात खोडा होता. खोडा म्हणजे भोके पाडलेला लाकडाचा जाड ओंडका. कैद्याचा पाय त्यात घालून वरून खीळ मारायची. तो वापरायची केव्हाच मनाई झाली होती म्हणे. मनाई कागदावर होती आणि खोडा कोठडीत होता. फौजदाराला कबुलीजबाब हवा होता, आणि केरूकडे द्यायला कबुली नव्हती. मग त्याचा डावा पाय रोज खोड्यात राहू लागला. घोट्याभोवतीची कातडी सोलवटली होती, आणि खालचा भाग सुजून काळपट दिसत होता.

बायजाने जन्मभर जनावरांचे पाय बघितले होते. ती धावतच फौजदाराच्या खोलीशी गेली. "सायब, पाय नासतोय त्याचा."

"कबूल झाला की औषध मिळेल," फौजदार मान वर न करता म्हणाला.

बायजा तिथून निघाली ती महाडच्याच वाटेला लागली. महाडात ज्या तळ्याच्या पाण्यावरून मुंबईच्या हायकोर्टापर्यंत दावा गेला होता, त्याच्या मागच्या आळीत धारप वकील राहत. त्यांच्या घरी बायजाचे तूप जायचे. वकिलांशी ती आजवर कधी बोलली नव्हती. बोलणे व्हायचे ते मागच्या दारी, वकिलीणबाईंशी. त्या दिवशी मात्र ती पुढच्या दारी जाऊन उभी राहिली. बस म्हटले तरी बसली नाही. ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत फिरत तिने सगळे सांगितले.

धारप वकील भला माणूस. वर्तमानपत्र वाचून संतापणारा. त्यांनी नीट ऐकून घेतले. "हे बघ बाई, तो सरकारच्या ताब्यात आहे. आणि ताब्यात आहे तोवर त्याच्या जिवाला, हातापायाला सरकार जबाबदार. उद्या काही बरंवाईट झालं तर त्यांना जाब द्यावा लागेल." मग त्यांना स्फुरण चढले. "अगं, गेल्याच साली जिनिव्हाला राष्ट्रसंघाने कैद्यांना कसं वागवावं याचे नियम मान्य केले. आपलं हिंदुस्थान सरकार त्या संघात बसतं! म्हणजे सगळ्या जगापुढे मान डोलावल्यासारखंच झालं हे."

"जिनिव्हा कुठं आलं?"

"लांब. समुद्रापलीकडे."

"तितनं कोन बगायला येतो?"

"येत नाही कोणी," वकील जरा ओशाळून म्हणाले. "पण नियम आहे."

बायजाला त्यात काही वावगे वाटले नाही. मालक तरी रोज थोडाच डोंगर चढून येतो? तिला दुसरेच काहीतरी विचारायचे होते. "आन ताब्यातनं सोडला तर?"

"मग सुटलाच की. मग सरकारचा काय संबंध?" वकील म्हणाले, आणि पान खायला आत गेले. उद्याच्या उद्या मामलेदारांच्या कानावर घालतो, असे त्यांनी आतूनच सांगितले. दिलेला शब्द त्यांनी पाळलाही. पण बायजाने बरोबर नेले ते त्यांचे आधीचे वाक्य. धनगरवाड्यावर जे जनावरांना, तेच सरकारदरबारी माणसांना. सरकारचाही कायदा राखोळीचाच आहे, हे कळून तिला ठाणे सोडल्यापासून पहिल्यांदा जरा धीर आला. एवढे शिकलेसवरलेले लोक काही निराळे सांगतील, याची तिला भीती होती.

वकिलांचे बोलणे मामलेदारांमार्फत आंबखिंडीला पोचायला वेळ लागला नाही. फौजदाराने कोठडीत डोकावून बघितले. केरू तापाने फणफणला होता, आणि पायाचा वास बाहेरपर्यंत येत होता. हा इथे मेला तर आपल्या गळ्याशी येणार, हे फौजदाराला चटकन समजले. असल्या बाबतीत त्याची बुद्धी तल्लख होती. त्याने सोपी वाट काढली. पुरावा नाही, सोडून द्या.

त्या दिवशी आंबखिंडीचा बाजार होता. सकाळी बायजा ठाण्याशी आली, तेव्हा कोंडाजी केरूला बगलेत धरून बाहेर आणत होता. त्याने त्याला पडवीच्या पायरीवर बसवले. केरूचे ओठ फुटले होते, डोळे आत गेले होते. बायजाला बघून तो हसला. महिनाभरात तो पहिल्यांदा हसला असेल.

"घे गो बाय, सुटला तुजा," कोंडाजी म्हणाला. तोही खूश होता. त्याने केरूचा हात धरून तिच्यापुढे केला.

बायजाचा हात पुढे गेला. खोटे कशाला सांगा, गेलाच. बोटे लागायला वीतभर अंतर उरले होते. आणि तिथेच तिच्या मनात वकिलांचे वाक्य उभे राहिले. सुटला की सरकारचा काय संबंध? हा हात आपण धरला की झाले, ओझे उतरले त्यांचे. वर डोंगरावर न्यायला संध्याकाळ होईल. वाटेत मेला, तर बायजाच्या हातात मेला. खोडा कोणाचा, पाय कोणी सडवला, कोणी विचारणार नाही.

तिने हात मागे घेतला आणि दोन्ही हात पदराखाली, काखेत घट्ट दाबून धरले.

"आसा नाय घेत मी," ती म्हणाली. "उभा न्हेलात. उभा करून द्या."

कोंडाजीला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या घरची म्हैस पण कधीकाळी राखोळीला गेलेली असणार. तो आत जाऊन फौजदाराला घेऊन आला. फौजदार ओरडला, "बाई वेडी आहे काय? नवऱ्याला सोडतोय आणि घेत नाही म्हणते!" बाजारची माणसे जमू लागली. डोंगरातली जी होती ती गप्प उभी राहिली, कारण बायजा काय करते आहे हे त्यांना न सांगता समजत होते. बाकीची हसत होती.

"बायजे, घरी ने मला," केरू म्हणाला.

"थांबा वाइच."

"घरी ने गो. आयेला बगू दे."

ती ठाण्यासमोरच्या चिंचेखाली जाऊन उभी राहिली. आयुष्यात जी बाई एका जागी ठरली नव्हती, ती त्या दिवशी सकाळपासून ऊन कलेपर्यंत त्या झाडाखालून हलली नाही. आतून मात्र तिची नुसती तगमग चालली होती. धावत जावे, त्याला पाठीवर घ्यावे आणि डोंगराच्या वाटेला लागावे, असे तिला क्षणाक्षणाला वाटत होते, आणि क्षणाक्षणाला ती काखेतले हात आणखी आवळत होती. केरूने पाणी मागितले. ती कोंडाजीला म्हणाली, "तुमी पाजा. तुमच्याकडं हाय तो." कोंडाजीने पाजले. केरूच्या तोंडावर माश्या बसत होत्या. त्यासुद्धा तिने हाकलल्या नाहीत.

दुपारी कोंडाजी तिच्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हट्ट सोड गो. मरंल तो."

"मरंल तर तुमच्या पडवीत मरंल," बायजा म्हणाली.

बोलून गेल्यावर तिचे तिलाच भय वाटले. तिने केरूकडे बघितले. तो तिच्याकडेच बघत होता. मग त्याने मान फिरवली, आणि त्यानंतर त्याने पुन्हा घरी ने म्हटले नाही.

ऊन उतरले तेव्हा धारप वकिलांची बैलगाडी येताना दिसली. केरूला सोडल्याचे त्यांना मामलेदारांकडून कळले होते आणि ते समाधानाने बघायला आले होते. समोरचा प्रकार बघून त्यांचे धाबे दणाणले. "अगं बाई, मी असं कधी सांगितलं तुला? सुटला तर आधी डॉक्टरकडे न्यायचा! चल, घाल त्याला माझ्या गाडीत. हात लाव."

बायजाने हात लावला नाही. "तुमच्या गाडीत घातला तर कुनाच्या ताब्यात?"

वकील काहीतरी रागाने बोलायला गेले आणि थांबले. त्यांनी केरूच्या पायाकडे बघितले, मग जमलेल्या माणसांकडे, मग फौजदाराकडे. शेवटी माणूस वकील होता. "फौजदारसाहेब," ते म्हणाले, "तुमचा हवालदार गाडीत बसवा. सुटकेचं मागे घ्या. आरोपी आजारी, म्हणून सरकारने महाडच्या दवाखान्यात हलवला, असं होऊ द्या. नाहीतर हा सगळा बाजार साक्षीला आहे." फौजदाराने बरीच आदळआपट केली, पण एवढ्या डोळ्यांसमोर त्याला दुसरी वाट राहिली नव्हती. कोंडाजीने केरूला उचलून गाडीत घातले आणि स्वतः शेजारी बसला. बायजा गाडीच्या मागून चालत गेली.

डॉक्टरांनी पाय बघितला, आणि तयारीला माणसे पळवली. रात्रीच कापावा लागला, गुडघ्याच्या वरून. दुसऱ्या दिवशी ते बाहेर आले तेव्हा बायजा व्हरांड्यात फेऱ्या घालत होती. "जगेल," ते म्हणाले. आणि मग, आपण तिच्यावर काय घाव घालतो आहोत हे लक्षातही न येता, म्हणाले, "काल सकाळी आणला असता तर घोट्यावर भागलं असतं. दिवसभरात विष वर चढलं."

धारप वकील तिथेच होते. त्यांनी घाईने विचारले, "आणि डोंगरावर नेला असता तर?"

"मग माझ्यापर्यंत आलाच नसता."

बायजाला दोन्ही ऐकू आले. तिने दोन्ही मनात ठेवले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती एका बोलण्याकडून दुसऱ्याकडे जात राहिली. वकील मात्र उत्साहात होते. कैदी ताब्यात असताना पाय गेला म्हणून वरून चौकशी आली. फौजदाराला जबाब द्यावा लागला, त्याची नोकरी गेली. वणव्याचा आरोप उडाला. खोडा ठाण्यातून निघाला. "तू त्याला घेऊन गेली असतीस ना बाई, तर यातलं काही झालं नसतं," वकील म्हणत. "मोठं काम केलंस." बायजा मान हलवायची आणि उठून दवाखान्याच्या दाराशी जायची.

आत केरू तिच्याशी बोलत नव्हता. थोरला भाऊ भागोजी आला की त्याच्याशी जनावरांचे बोलायचा, डॉक्टरांना हात जोडायचा, भेटायला आलेल्या कोंडाजीशी तर हसलासुद्धा. बायजाने भाकरी पुढे केली की खायचा, भिंतीकडे बघत. तिने एकदा त्याची जखम बघायला पांघरूण वर केले, तर त्याने ते तिच्या हातातून ओढून घेतले.

वैशाखात त्याला सोडले. गाडीने पायथ्यापर्यंत आणले, पुढे भागोजीने पाठीवर घेतले. उन्हाचे चढ भागोजीला झेपेनात. अर्ध्या वाटेवर, करवंदीच्या जाळीशी तो धापा टाकत बसला. बायजाने पदर खोचला आणि नवऱ्यापुढे पाठ करून बसली. केरू जरा घुटमळला. गडीमाणूस तो, बायकोच्या पाठीवर बसायचे म्हणजे काय! पण पुढची वाट एका पायाची नव्हती. त्याने तिच्या गळ्याभोवती हात टाकले, आणि ती उठून चालू लागली. भागोजी बराच मागे राहिला.

"त्या दिवशी," केरू तिच्या कानाशी म्हणाला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्याशी बोलत, "त्या दिवशी तुला मी पायजे व्हतो, का त्यांचा जबाब?"

"दोनी."

"एकच मिळनार आसता तर?"

ती काही पावले चालली. खोटे बोलायचे तिच्या मनात आले, पण तिला ते जमले नाही. "मला ठाव नाय," ती म्हणाली. "खरंच ठाव नाय. वर आनला आसता तर तुमी वाटंत मेला आसता, येवढं ठाव हाय."

 तिला त्याचा श्वास मानेवर लागत होता.

"तुज्या जागी मी आसतो," तो म्हणाला, "तर तुला सकाळीच उचलली आसती."

"आन मी मेले आसते."

"मेली आसतीस," केरू म्हणाला. "पन माज्या पाठीवर."

बायजा थांबली नाही. थांबली असती तर तिला रडू आवरले नसते, आणि वर पोचायला अजून अर्धा डोंगर होता.